घाबरण्याचं माप

दक्षिण स्पेनमधल्या एका रानटी ऑलिव्हच्या झाडावर काटक्यांची दोन ऐसपैस घरटी आहेत असं समजा. दोन्हींत पांढऱ्या करकोच्याचं एकेक पिल्लू आहे. वय सारखं, वजन सारखं, पंखांची वाढही सारखीच. दोघांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजलं, तर तेही जवळपास सारखंच भरतं. फरक आहे तो एकच. पहिल्याच्या रक्तात दुसऱ्यापेक्षा थोडं जास्त शिसं आहे. पिल्लानं मान टाकावी, खाणं सोडावं, अंग थरथरावं, इतकं ते नाही. बघणाऱ्याला पिल्लू ठणठणीत दिसतं.

आता कुणीतरी झाडावर चढून दोघांनाही हळूच उचलतं. दोघंही घाबरतात. पण ज्याच्या रक्तात शिसं जास्त, त्याच्या शरीरात ताणाच्या संप्रेरकाची लाट जास्त उंच उसळते.

म्हणजे पाहा, एक मुका, निर्जीव धातू शरीरात शिरतो आणि बदलतो काय, तर घाबरण्याचं माप! शिशाला कसं कळतं भीती कुठून येते ते? आणि शांतपणे बसलेल्या पिल्लात काहीच वेगळं दिसत नसताना, उचलल्याबरोबर हा फरक उघडा कसा पडतो?

गोष्टीची सुरुवात होते २५ एप्रिल १९९८ च्या पहाटे. स्पेनच्या सेव्हिया शहराजवळ अस्नालकोयार नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीत खनिज काढून घेतल्यावर उरणारा गाळ साठवण्यासाठी एक मोठं धरण बांधलेलं होतं. त्या पहाटे त्याची भिंत फुटली. पन्नास-साठ लाख घनमीटर आम्लधर्मी पाणी आणि काळा चिखल ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात लोटला. त्यात जस्त होतं, शिसं होतं, आर्सेनिक, तांबं आणि कॅडमियमही होतं. नदीकाठच्या साडेचार हजारांहून जास्त हेक्टर जमिनीला त्याची बाधा झाली. या नदीच्या खालच्या अंगाला आहे दोन्याना, युरोपातल्या पक्ष्यांचं फार मोठं पाणथळ माहेरघर आणि १९९४ पासूनचं जागतिक वारसास्थळ. घाईघाईनं बांध घालून चिखल राष्ट्रीय उद्यानाच्या तोंडाशी अडवला गेला. पण आसपासच्या दलदलीत चरणाऱ्या पक्ष्यांना उद्यानाची हद्द कोण सांगणार? एप्रिल म्हणजे करकोच्यांचा विणीचा हंगाम. घरट्यांत भुकेली पिल्लं होती.

करकोच्याचं पिल्लू वाढतं कसं, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं वजन असतं साधारण सत्तर ग्रॅम. जेमतेम दोन महिन्यांत ते तीन किलोच्या पुढे जातं आणि उडण्याच्या तयारीला लागतं! भिगवणला आपण ज्याला डोळे भरून पाहतो, त्या चित्रबलाकाच्याच कुळातला हा पक्षी. त्याच्या त्या लांबलचक पायांची हाडं या दोन महिन्यांतच घडतात. त्यासाठी रक्तातून सतत कॅल्शियम खेचलं जातं. आईबाप दलदलीतून किडे, बेडूक, मासे आणि चिखलात राहणारे लाल क्रेफिश आणून भरवत राहतात. चिखलात जे असतं ते क्रेफिशमध्ये उतरतं आणि क्रेफिशमधलं पिल्लात. कॅल्शियमची ही लगबग लक्षात ठेवा. शिसं नेमकं याच गर्दीतून आत घुसतं.

त्याआधी ताणाचं हे यंत्र कसं चालतं ते पाहू, कारण ते आपल्यातही जसंच्या तसं आहे.

घरट्यावरून शिकारी पक्ष्याची सावली सरकली. डोळ्यांनी ती टिपली. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहानसा भाग आहे, तो एक रासायनिक निरोप सोडतो. निरोप अगदी जवळच्या पीयूषिका ग्रंथीला पोचतो. ती दुसरा निरोप रक्तात सोडते. तो रक्ताबरोबर वाहत जाऊन मूत्रपिंडाच्या टोकाशी चिकटलेल्या अधिवृक्क ग्रंथींना गाठतो. मग या ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन तयार करून रक्तात ओततात. माणसात हेच काम मुख्यतः कॉर्टिसॉल करतं. निरोप पोचताच शरीराचा कारभार बदलतो. साठवलेली ऊर्जा मोकळी होते, रक्तातली साखर वाढते. वाढ, प्रजनन, रोगांशी लढणं अशी सवडीची कामं मागे पडतात. आधी जीव वाचव, बाकीचं नंतर!

आणि हे सगळं किती संप्रेरकावर? एक मिलिलिटर रक्तात काही नॅनोग्रॅम, फार तर काही दहा नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा पदार्थाच्या चढउतारावर अख्खा पक्षी आपलं वागणं बदलतो. मोठं वादळ आलं की काही पक्षी घरटं सोडून सुरक्षित जागी निघून जातात, त्या निर्णयातही याच संप्रेरकाचा हात असतो.

पण संप्रेरक वाढतच राहिलं तर? नेहमीच आणीबाणीत राहणारं शरीर वाढायचं कधी, रोगांशी लढायचं कधी? त्यासाठी निसर्गानं एक सुंदर सोय केलेली आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक तुम्ही पाहिला असेल. पाणी चढतं तसा चेंडू वर तरंगतो आणि स्वतःच पाण्याची वाट बंद करतो. इथेही तसंच आहे. रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन पुरेसं झालं की ते मेंदूतल्या खास ग्राहकांना जाऊन चिकटतं आणि निरोप पाठवणं बंद करायला लावतं. धोक्याची घंटा ज्यानं वाजवली, तोच ती थांबवतो! आता या यंत्रात कुठेही छोटासा बिघाड करा. नळ जास्त उघडा, चेंडू अडकवा किंवा वाहिनीच चोंदवा. टाकी नेहमीच्या पातळीवर शांत असताना यातलं काहीच दिसणार नाही. बिघाड कळेल तो पाणी जोरात सुटल्यावर.

धोका कुठलाही असला तरी शरीराचं उत्तर बरंचसं एकच असतं, हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं हान्स सेली यांनी, १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातल्या एका छोट्याशा पत्रात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये ते उंदरांवर प्रयोग करत होते. थंडी, इजा, अतिश्रम, औषधांचे जालीम डोस, कारणं निरनिराळी असली तरी उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्याच दिसत. प्रदूषण शोधणाऱ्यांसाठी म्हणूनच हे संप्रेरक एवढं मोलाचं आहे. शरीराला काहीतरी जाचतंय, हे ते आपल्याला सांगू शकतं.

पण रानातल्या पक्ष्याच्या रक्तातला ताण मोजायचा कसा? त्याला धरलं की तो घाबरणारच, आणि मोजली जाईल ती आपणच दिलेली भीती! यावरची युक्ती ऐका. मेंदूतून निरोप निघून, दोन टप्पे ओलांडून कॉर्टिकोस्टेरॉन रक्तात मोजण्याइतकं वाढायला साधारण तीन मिनिटं लागतात. म्हणून संशोधक घड्याळ लावून काम करतात. पिल्लाला हात लागला की वेळ सुरू. एकानं पंख अंगाशी दाबून धरायचे, दुसऱ्यानं पंखाखालची पिसं बाजूला करून कातडीखालची निळसर शीर शोधायची, बारीक सुईनं थोडंसं रक्त घ्यायचं. तीन मिनिटांच्या आत हे जमलं, तर त्या नमुन्यात आपण येण्याआधीचा पक्षी असतो. मग पिल्लाला शांतपणे धरून ठेवायचं आणि ठरावीक मिनिटांनी पुन्हा थेंब-थेंब रक्त घ्यायचं. संप्रेरक चढत चढत शिखर गाठतं. पहिला आकडा असतो शरीराच्या शांतपणाचा, शेवटचा त्याच्या भीतीच्या उंचीचा. मुद्दाम दिलेली भीतीच इथे मोजपट्टी होते!

आणखी एक नवल इथेच दडलेलं आहे. अगदी लहान पिल्लात ही लाट फारशी उसळतच नाही. का बरं उसळावी? ज्याला पळताही येत नाही, त्यानं घाबरून ऊर्जा का उधळावी? पिल्लू जसजसं उडण्याच्या वयाला येतं, तसतशी त्याची घंटा मोठी होत जाते. करकोच्याच्या पिल्लांमध्ये ही वाढ मोजून दाखवलेली आहे. भीतीसुद्धा पंखांबरोबर वाढते.

राकेल बाओस, हुलिओ ब्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजपट्टी अस्नालकोयारच्या दुर्घटनेची झळ लागलेल्या भागातल्या आणि दूरच्या तुलनेच्या जागेतल्या पिल्लांना लावली. रक्तातलं जस्त, शिसं, तांबं, कॅडमियम आणि आर्सेनिक मोजलं. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शांत असतानाच्या संप्रेरकावर कुठल्याही धातूचा परिणाम दिसला नाही. पण शिखराची उंची शिशाबरोबर चढत गेलेली होती. आणि खरं आश्चर्य पुढे आहे. हे नातं दोन्ही ठिकाणी दिसलं. म्हणजे जिथे दुर्घटना झालीच नव्हती तिथेही, ज्याच्या रक्तात शिसं जास्त, त्याची लाट उंच! घरट्यात एकट्याच उरलेल्या पिल्लांमध्ये तर हे नातं भावंडांबरोबर वाढणाऱ्या पिल्लांपेक्षा ठळक निघालं. आधीच ओढग्रस्तीत असलेल्यावर शिशाचा भार अधिक पडतो, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

शिशाला ही ताकद येते कुठून? उत्तर आहे तोतयेगिरी. शरीरात कॅल्शियम फक्त हाडांचं सामान नसतं, ते पेशींच्या आतलं संकेताचं चलन असतं. पीयूषिका ग्रंथीच्या पेशीनं निरोप सोडायचा, तर आधी तिच्यात कॅल्शियमचे आयन शिरावे लागतात. एका चेतापेशीनं दुसरीला साद घालायची, तरी कॅल्शियम लागतं. शिशाचा आयन आकारानं आणि विद्युतभारानं कॅल्शियमशी इतका मिळताजुळता आहे की शरीर फसतं. आतड्यात कॅल्शियमला ओढून घेणाऱ्या वाटा त्यालाही आत घेतात. पेशींमधली काही प्रथिनं तर त्याला कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरून ठेवतात. मग चुकीच्या वेळी संकेत जातात, नाहीतर हवे तेव्हा जात नाहीत. भीतीची सगळी साखळी ज्या चलनावर चालते, त्यातच खोटं नाणं मिसळतं. शिशाला भीतीचा पत्ता वेगळा शोधावाच लागत नाही.

जिथे कॅल्शियम जातं तिथे शिसंही जातं, म्हणजे हाडांत. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरतं, हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. आणि मादी पक्ष्याचं तर काय सांगावं! अंडी घालण्याआधी तिच्या हाडांच्या पोकळीत एक तात्पुरतं, मऊसर हाड तयार होतं. कवचासाठी कॅल्शियमचा साठा म्हणून ते असतं. अंड्याची वेळ आली की ते विरघळतं आणि कॅल्शियम कवचाकडे निघतं. हाडांत शिसं साठलेलं असेल तर त्याच्याबरोबर तेही रक्तात परततं. आई होण्याच्या नेमक्या घडीला जुनं विष जागं होतं.

पण लाट उंच उसळली तर बिघडलं काय, असं वाटेल. जरा जास्त घाबरला, इतकंच ना? २००७ साली ब्लास यांच्याच चमूनं याचं उत्तर दिलं. घरट्यात असताना ज्यांची ताणाची लाट मोजून ठेवली होती, त्या करकोच्यांचा पुढची काही वर्षं पायातल्या कड्यांवरून माग काढण्यात आला. पिल्लूपणी ज्यांची लाट जास्त उंच होती, त्यांनी जगून, परत येऊन, स्वतःचं घरटं बांधण्याची शक्यता कमी निघाली. बालपणीच्या त्या पाऊण-एक तासातली भीतीची उंची पुढच्या आयुष्याचा अंदाज देत होती! आता दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवा. शिशाचा चढता आलेख लाटेकडे जातो आणि लाटेचा चढता आलेख कमी आयुष्याकडे. मध्ये कुठेही विषबाधा झालेला, तडफडणारा पक्षी दिसत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की जड धातू म्हणजे जास्त भीती, हिशेब सोपा आहे. आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात चला. हिशेब उलटा होतो.

व्हर्जिनियातल्या वेन्सबरो गावात साउथ रिव्हर या नदीकाठी कृत्रिम धाग्यांचा एक कारखाना होता. १९२९ ते १९५० या काळात तिथून नदीत पारा गेला. कारखान्यानं पारा वापरणं थांबवलं, दशकं लोटली, पण नदी विसरली नाही. गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप सहज शरीरात शिरतं आणि खाणाऱ्याकडून त्याला खाणाऱ्याकडे जाताना दाटत जातं. मासे खाणाऱ्या पक्ष्यांत पारा सापडला तर नवल नाही. पण नदीत चोचही न बुडवणाऱ्या, झाडीत किडे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या रक्तातही तो भरपूर निघाला! डॅनिएल क्रिस्टॉल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ‘सायन्स’मध्ये यामागचा मुख्य वाहक जाहीर केला, तो म्हणजे कोळी. कोळी स्वतः शिकारी आहे. त्यानं खाल्लेल्या किड्यांतला पारा त्याच्यात दाटतो आणि पक्षी कोळ्यांचा मोठा घास घेतात. आठ पायांच्या या वाहकावर बसून नदीचं विष रानात चढतं.

याच नदीकाठी ट्री स्वॅलो नावाची निळीशार भिंगरी पेट्यांतल्या घरट्यांत पिल्लं वाढवते. हारुका वाडा आणि सहकाऱ्यांनी त्या पिल्लांची भीती मोजली. पद्धत तीच. २००९ साली निष्कर्ष आले. घरटं सोडायच्या वयाला आलेल्या, पाऱ्याच्या भागातल्या पिल्लांत ताणाची लाट दबलेली होती! ज्या वयात घंटा मोठी व्हायला हवी, त्याच वयात ती मंद वाजत होती. वाढीसाठी लागणारी थायरॉइडची संप्रेरकंही कमी होती.

ससाणा आला आणि शरीर पुरेसं जागंच झालं नाही तर? जास्त भीती जितकी महाग, तितकीच कमी भीतीही महाग. लाखो वर्षांच्या निवडीतून भीतीचं एक नेमकं माप ठरत आलेलं आहे. स्पेनमधल्या शिशानं ते वर ढकललं, व्हर्जिनियातल्या पाऱ्यानं खाली.

हे धातू इतक्या खोलवर पोचतात कसे, याचा एक धागा पेशीच्या गाभ्यात सापडतो. कॉर्टिकोस्टेरॉनला ओळखणारा ग्राहक हे एक प्रथिन आहे. संप्रेरक चिकटलं की ते डीएनएवर जाऊन बसतं आणि जनुकं चालू-बंद करतं. डीएनए पकडण्यासाठी त्याला बोटांसारखे दोन उंचवटे असतात. त्यांचा आकार टिकवतो कोण? जस्ताचा एकेक अणू, चार-चार गंधकयुक्त टेकूंनी धरलेला. ताणाच्या यंत्राच्या मर्मस्थानी मुळातच एक धातू बसवलेला आहे! आणि गंधकाची ओढ कुणाला सर्वांत जास्त? पारा आणि कॅडमियम यांना. पाऱ्याचं मुख्य खनिज असलेलं हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचंच संयुग. खडकातली ती जुनी ओढ पेशीतही सुटत नाही.

शरीराकडे यावर उपाय आहे का? आहे, आणि तोही थक्क करणारा. मेटॅलोथायोनिन नावाचं एक लहानसं प्रथिन आहे. त्याच्या जवळपास एक तृतीयांश घटकांत गंधक असतं. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात, कॅडमियमच्या मागावर असताना ते सापडलं. ते घातक धातूंना पकडून बांधून ठेवतं. हे प्रथिन जास्त बनवा, असा हुकूम पेशीला कोण देतं? धातू स्वतः तर देतातच, पण कॉर्टिसॉल आणि कॉर्टिकोस्टेरॉनच्या वर्गातली ताणाची संप्रेरकंही देतात! ज्या संप्रेरकाचं यंत्र धातू बिघडवतात, तेच संप्रेरक धातूंविरुद्धची शिबंदी उभी करतं.

आता या सगळ्या प्रकरणाची नोंद पक्षी कुठे ठेवतो, ते पाहा. पिसांत!

पीस वाढत असतं तेव्हा त्याच्या मुळाशी रक्त खेळत असतं. रक्तातलं जे काही त्या वेळी पिसात उतरतं, ते तिथे अडकून राहतं. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा तुटतो आणि पीस मृत होतं. नोंद बंद! शेपटीचं एखादं पीस उजेडात तिरकं धरून बघा. बऱ्याच पिसांवर आडवे, फिकट-गडद पट्टे पुसटसे दिसतात. एक गडद आणि एक फिकट मिळून वाढीचा एक दिवस-रात्र. पोटभर मिळालं त्या दिवसाचा पट्टा रुंद, उपाशी दिवसाचा अरुंद. पारा तर पक्षी पिसांत अक्षरशः काढून टाकतात, शरीरातल्या पाऱ्याचा मोठा वाटा वाढत्या पिसांत उतरतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९६६ साली संग्रहालयांतल्या, मागच्या शंभर वर्षांतल्या पक्ष्यांची पिसं तपासली. १९४० च्या दशकापासून पारा एकदम चढलेला दिसला. पेरणीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याची औषधं लावली जात होती, त्याचा हा पुरावा. मेलेल्या पक्ष्यांनी साक्ष दिली आणि ती औषधं त्याच वर्षी बंद झाली.

आणि २००८ साली कॅनडातल्या गॅरी बोर्टोलॉटी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पिसांत कॉर्टिकोस्टेरॉनही साठतं. पद्धत स्वयंपाकघरात शोभेल इतकी साधी. पिसाचा जाड देठ कापून टाकायचा. उरलेलं पीस मोजून कात्रीनं बारीक बारीक कातरायचं, पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे. ते मिथेनॉलमध्ये भिजवून कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी द्रव गाळून उडवून लावायचा आणि तळाशी उरलेल्या अंशातलं संप्रेरक प्रतिपिंडांच्या मदतीनं मोजायचं. घड्याळ नाही, तीन मिनिटांची धावपळ नाही. एकाच पिसात धातूही आणि भीतीही! वाचणाऱ्यानं एक भान ठेवायचं. संप्रेरक सांगतं ते पीस वाढलं त्या दिवसांबद्दल, पारा मात्र त्याआधीच्या महिन्यांत शरीरात साठलेलाही असतो. एका पिसात दोन वेगळ्या काळांची हकिकत असते.

धातू पक्ष्याला न शिवताही त्याचं आयुष्य बिघडवू शकतात, हे फिनलंडमधल्या हार्यावाल्टानं शिकवलं. तिथे १९४५ पासून तांबं वितळवण्याचा कारखाना आहे. तुर्कू विद्यापीठाचे तापिओ एएवा आणि सहकारी गेली कित्येक दशकं त्याच्या भोवतीच्या लहान पक्ष्यांचा अभ्यास करताहेत. कारखान्याजवळ गोगलगायी कमी झाल्या. गोगलगायीचं कवच हा तिथल्या लहान पक्ष्यांचा कॅल्शियमचा साठा. तो आटला तसा माशीमार पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच पातळ झालं. सुरवंट कमी झाले, तसं रामगंग्याच्या जातभाईच्या छातीचं पिवळंधमक रंगद्रव्य फिकं पडलं, कारण तो पिवळा रंग त्याला सुरवंटांतून मिळतो. आणि कॅल्शियम कमी पडलेलं शरीर काय करतं? मिळेल ते कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतं. त्यातून त्याच्या तोतयालाही वाट मिळते. म्हणूनच पक्ष्याच्या रक्तात ताण दिसला, की अभ्यासकांना धातू आणि भूक दोन्हींचा माग घ्यावा लागतो.

मग हे फक्त पक्ष्यांचं गाऱ्हाणं आहे का? पक्ष्यांची आणि आपली वंशरेषा वेगळी झाली त्याला तीस कोटींहून जास्त वर्षं झाली. तरीही अधश्चेतक, पीयूषिका, अधिवृक्क ही साखळी दोन्हीकडे तीच राहिली. करकोच्यांचा निष्कर्ष आला २००६ मध्ये. २००८ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेनऊ वर्षांच्या मुलांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगितलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ज्यांच्या रक्तात शिसं जास्त, त्यांची कॉर्टिसॉलची लाट जास्त उंच! शिशाचं प्रमाण त्या काळी काळजीचं मानल्या जाणाऱ्या, दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम या पातळीपेक्षा सर्वसाधारणपणे कमीच होतं. ऑलिव्हवरचं पिल्लू आणि शाळकरी मूल, दोघांच्या शरीरानं शिशाला दिलेलं उत्तर एकच.

विषाचं माप आपण आजवर मृत्यूनं काढत आलो. किती मात्रेला जीव जातो, किती मात्रेला आजार दिसतो, त्याखालचं सारं सुरक्षित. पक्ष्यांनी शिकवलं की त्याखालीही बरंच काही घडत असतं. मुलांच्या रक्तातल्या शिशाची ती १० ची रेघही अमेरिकेनं २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली, तीही ‘सुरक्षित’ असा शब्द न वापरता. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली. ही मोठीच पावलं होती. तरीही युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाच्या अंदाजानुसार देशातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. घराशेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं जात असेल, जुन्या रंगाचे पोपडे मूल तोंडात घालत असेल, मसाल्याला भडक रंग यावा म्हणून कुणी शिसं असलेल्या रंगाची भुकटी मिसळत असेल, तर मूल आजारी दिसण्याची वाट पाहू नका. रक्ताची साधी तपासणी होते, ती करून घ्या. ही तपासणी कशासाठी करायची, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. लहान मुलानं किती घाबरावं आणि किती लवकर शांत व्हावं, हे त्याच्या शरीराला ठरवू द्यायचं, धातूला नाही.